ताई, त्यासाठी चर्चला यावं लागतं का?

मागच्या जानेवारीतला शनिवार. इंग्लंडमध्ये जानेवारी म्हणजे सकाळी आठपर्यंत धड उजाडत नाही आणि चार वाजता पुन्हा अंधार. आमच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी फूडबँक भरते. महिन्यातून दोनदा मी तिथे जाते. काम साधं असतं. आलेल्या माणसाचं व्हाउचर बघायचं, घरात किती माणसं आहेत ते विचारायचं, यादीप्रमाणे पिशव्या भरायच्या आणि तोवर त्यांना बसवून चहा द्यायचा.

त्या दिवशी रांगेत एक मुलगा होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगात पातळ जॅकेट, पाठीवर लॅपटॉपची सॅक. व्हाउचरवरचं आडनाव वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मराठी का रे तू?" त्याचा चेहरा एकदम उतरला. परदेशात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं असं आपण नेहमी म्हणतो. पण काही ठिकाणं अशी असतात की तिथे आपलं माणूस भेटू नये असंच वाटतं. तो सोलापूरकडचा. मास्टर्स करतोय. ज्या गोदामात पार्ट टाइम काम होतं तिथे नाताळनंतर शिफ्ट मिळेनात, खोलीचं भाडं तर थांबत नाही.

मी पिशवी भरत होते. तो भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत होता. मग खाली मान घालून हळूच म्हणाला, "ताई, त्यासाठी चर्चला यावं लागतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"काही लिहून द्यावं लागतं?"

"नाही रे. व्हाउचर दिलंस ना, झालं."

त्याने जरा वेळ घेतला. "मग तुम्ही लोक हे का करता?"

आणि मी म्हणाले, "असंच. वीकएंडला वेळ असतो ना."

त्याने मान हलवली, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि गेला. त्याच्या पहिल्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं होतं. शेवटच्या प्रश्नाला खोटं. हा लेख त्या खोट्या उत्तराबद्दल आहे.

आधी फूडबँकेविषयी थोडं, कारण इकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या घरी हा लेख वाचला जाईल. ब्रिटनमधल्या फूडबँकांचं सगळ्यात मोठं जाळं ट्रसेलचं. एका ख्रिस्ती जोडप्याने १९९७ साली बल्गेरियातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी ही संस्था काढली. पुढे त्यांच्याच सॉल्सबरी गावातल्या एका आईने, माझी मुलं आज उपाशी झोपणार आहेत, असं कळवलं. मग २००० साली आपल्याच घराच्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये त्यांनी फूडबँक सुरू केली. आज देशभर अशा शेकडो जागा आहेत आणि इतर संस्थांच्याही पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी डॉक्टर, शाळा, विद्यापीठाचा सल्ला विभाग किंवा नागरिक सल्ला केंद्र व्हाउचर देतं. ते दाखवलं की साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. धर्म कुणी विचारत नाही. विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नाही अशी अट असते. त्यामुळे मुलं फूडबँकेच्या दारापर्यंत येऊन परत जातात. फूडबँकेचा शिधा त्या सरकारी मदतीत मोडत नाही, व्हिसाला त्याने काही होत नाही. हे तुमच्या मुलाला, भाचीला, पुतण्याला फोनवर सांगून ठेवा. गरज नसली तरी सांगा.

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न मला एवढा का लागला, ते.

माझं घर नगरचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. 'ज्ञानोदय' १८४२ साली तिथूनच निघायला लागलं. माझे खापरपणजोबा जिल्ह्यातल्या एका गावात गावकुसाबाहेर राहायचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. घरात एवढंच सांगतात की त्यांचा मुलगा मिशनच्या शाळेत पहिल्या बाकावर बसला. पुढच्या चार पिढ्यांना मात्र एक वाक्य ऐकावं लागलं. धान्यासाठी बाटले. वडिलांना शाळेत पोरं 'मिलोवाले' म्हणायची. १९७२चा दुष्काळ ज्यांना आठवतो त्यांना लाल मिलो ज्वारी आठवत असेल. ती तर रेशनवर अख्ख्या महाराष्ट्राने खाल्ली, पण चिडवायला आम्हीच. आजी यावर एकच म्हणायची, "धान्य खाल्लं ते दुसऱ्या दिवशी संपलं. देवळात आपण अजून जातो, ते कशासाठी?" (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे ऐकून गंमत वाटते.)

आणि आता त्याच घरातली मी, साडेसात हजार किलोमीटर लांब येऊन, भिंतीवर क्रूस असलेल्या हॉलमध्ये एका उपाशी मराठी मुलाच्या हातात धान्याची पिशवी ठेवत होते. त्याने विचारलं ते बरोबरच होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात 'साक्ष' हा शब्द फार येतो. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत कुणीतरी उठून साक्ष देतं. आजारपणात काय झालं, नोकरी गेली तेव्हा कसं निभावलं, दारू कशी सुटली. लहानपणी मला त्यात मजा यायची, कारण काही काका दरवर्षी तीच साक्ष थोडी वाढवून सांगायचे. पण शब्द कोर्टातला आहे. साक्षीदाराने वकिली करायची नसते. जे बघितलं तेवढं सांगायचं, विचारलं तर सांगायचं, आणि उलटतपासणीला उभं राहायचं. हा तिसरा भाग आम्ही सोयीस्कर विसरतो.

बायबलमध्येही या बाबतीत एक पेच आहे. डोंगरावरच्या त्याच एका प्रवचनात येशू सुरुवातीला सांगतो की दिवा लावून मापाखाली झाकू नका, लोकांना तुमची चांगली कामं दिसू द्या. आणि पुढे थोड्याच वेळात सांगतो की दानधर्म लोकांना दाखवण्यासाठी करू नका, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. आमच्या पाळकांना मी शाळेत असताना विचारलं होतं, की यातलं नेमकं कुठलं ऐकायचं? ते हसून म्हणाले होते, "तुला ज्याची लाज वाटते ते आधी." तेव्हा उत्तर पटलं नव्हतं.

इकडे आल्यावर दोन्ही टोकं बघायला मिळाली. आमच्या बाजारपेठेत शनिवारी एक गृहस्थ स्पीकर लावून नरकाविषयी ओरडतात. लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून जातात. त्यांच्या धैर्याचं मला कौतुक वाटतं आणि ते बोलायला लागले की मीही रस्ता ओलांडते. दुसऱ्या टोकाला माझ्यासारखे लोक. आपल्याकडे अजून समजूत आहे की इंग्लंड म्हणजे ख्रिस्ती देश, तिथे तुला काय अडचण? २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४६.२ टक्के. कुठलाच धर्म नाही म्हणणारे ३७.२ टक्के. ऑफिसात माझ्या वयाच्या माणसाने सोमवारी सकाळी 'काल चर्चला गेले होते' म्हटलं की क्षणभर शांतता पसरते. कुणी वाईट बोलत नाही. फक्त विषय बदलतो. महाराष्ट्रात आम्ही टक्क्याला थोडे कमी, २०११च्या जनगणनेत साधारण १० लाख ८० हजार. तिथे 'तुम्ही नक्की मराठीच का?' हा प्रश्न. इथे 'भारतात ख्रिस्ती असतात?' हा प्रश्न. दोन्हीकडे आपली ओळख सांगत बसायचा कंटाळा येतो आणि माणूस गप्प राहायला शिकतो.

गळ्यातल्या क्रुसावरून या देशात एक गाजलेला खटला झाला. नादिया एवेडा ब्रिटिश एअरवेजमध्ये चेक-इन काउंटरवर होत्या. २००६ साली गणवेशावर छोटा क्रूस दिसू द्यायला कंपनीने मनाई केली, त्यांनी तो झाकायला नकार दिला आणि त्यांना बिनपगारी घरी बसावं लागलं. पुढच्या वर्षी कंपनीने नियम बदलला, पण त्या लढत राहिल्या. जानेवारी २०१३ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच निकालपत्रात शर्ली चॅप्लिन या नर्सचा दावा मात्र फेटाळला गेला. वॉर्डात रुग्णाच्या सुरक्षेसाठी गळ्यात काही लोंबकळू नये, हे हॉस्पिटलचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं. मला दोन्ही निकाल योग्य वाटतात. श्रद्धा दिसू देण्याचा हक्क आहे, आणि समोरच्या रुग्णाला त्रास होत असेल तर तो हक्क खाली ठेवावा.

माझ्याही गळ्यात एक क्रूस आहे. इकडे निघताना आईने घातलेला, बोटाच्या पेराएवढा. तो घालायला मला कुणी कधी मनाई केली नाही. पण तीन वर्षांपूर्वी त्याने माझ्याविरुद्धच साक्ष दिली.

त्या वेळी मी दुसऱ्या कंपनीत होते. शुक्रवारी दुपारी आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाने कॉन्फिगरेशनमध्ये बदल केला. कोड रिव्ह्यू माझ्याकडे होता. मला गाडी पकडायची होती. मी वरवर बघितलं आणि अप्रूव्ह केलं. खरं सांगायचं तर बघितलंच नाही. संध्याकाळी पेमेंटची रांग अडकली, तीन-साडेतीन तास ग्राहकांचे व्यवहार होईनात. सोमवारी बैठक झाली. अशा बैठकीत 'कुणाला दोष द्यायचा नाही' असं म्हणायची पद्धत असते, पण प्रत्येक प्रश्न त्या मुलाकडेच वळत होता. चाचणी का केली नाहीस, कागदपत्रं का वाचली नाहीस. रिव्ह्यू कुणी केला, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझी बढती त्या महिन्यात ठरायची होती.

दुपारी कॉफी मशिनपाशी तो भेटला. पोलंडचा मुलगा, स्वतः काही मानत नाही असं सांगणारा. चिडून बोलला नाही. माझ्या गळ्याकडे बोट करून एवढंच म्हणाला, "हे घालतेस म्हणून मला वाटलं होतं, तू बोलशील."

मी त्या रात्री सगळ्या टीमला मेल लिहिली की बदल मी न वाचता मंजूर केला होता. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, उशीर झालेला होता. मॅनेजरने 'थँक्स' एवढंच उत्तर पाठवलं. बढती मिळाली नाही, कदाचित तशीही मिळाली नसती. तो मुलगा दोन महिन्यांनी दुसऱ्या टीमला गेला. आमच्यात पुन्हा पहिल्यासारखं बोलणं झालं नाही. आपली श्रद्धा दिसते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आपण सांगू न सांगू, लोकांनी आपल्याकडून एक अपेक्षा धरलेली असते. ती आपल्या बोलण्यावरून ठरत नाही, आपल्याला काहीतरी गमवायची वेळ येते तेव्हा तिची परीक्षा होते. सणाला गोड डबे वाटले म्हणून ती पूर्ण होत नाही. नाताळाच्या करंज्या मीही वाटते, त्या सगळ्यांना आवडतात, पण त्यात माझं काय जातं?

आमच्याकडून गाडीने पाऊण तासावर वाँटेज नावाचं छोटं गाव आहे. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, चार दुकानं, शांत रस्ते. पंडिता रमाबाई १८८३ साली इथे येऊन राहिल्या, सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या सिस्टर्सकडे. या सिस्टर्सचं काम पुण्यात होतं, ओळख तिथलीच. नवरा वर्षभरापूर्वी गेलेला, लहान मनोरमा कडेवर, वैद्यकी शिकायची इच्छा. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकी राहून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर वाँटेजमध्ये त्यांचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. मला या वेळी त्यातल्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे, त्या कशाने हलल्या? सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलमला आपलं काम बघायला पाठवलं होतं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे आश्रयगृह होतं. ज्या बायकांना आपल्याकडे, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्येही, दारात कुणी उभं करत नसे, त्यांच्याशी तिथल्या सिस्टर्स प्रेमाने वागत होत्या. रमाबाईंना ते बघून नवल वाटलं आणि त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरात त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची, योहानाच्या शुभवर्तमानातली, गोष्ट वाचून दाखवली गेली. हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलंय. क्रम बघा. आधी काम होतं, मग ते बघणारीचा प्रश्न, मग सरळ उत्तर. माझ्या हॉलमध्ये सोलापूरच्या मुलाने शब्दशः हाच प्रश्न विचारला होता. त्या सिस्टरने 'असंच, वेळ असतो म्हणून' असं म्हटलं असतं तर?

दुसरी गोष्ट क्रुसाची. सिस्टर्सच्या छपराखाली राहत असूनही रमाबाईंनी त्यांचं सगळं मुकाट्याने घेतलं नाही. शाकाहार सोडला नाही. धर्ममतांवर पत्रांतून कडकडून वाद घातले. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांनी म्हटलं की शब्द हवेच असतील तर संस्कृत असू देत, ती माझ्या देशाची भाषा आहे. एकशे चाळीस वर्षांपूर्वी, परक्याच्या घरी, पैसा नाही, पदरात मूल. ज्यांचं अन्न खातो त्यांना 'नाही' म्हणता येतं हे या बाईने दाखवलं. आणि त्या सिस्टर्सचंही मला कौतुक वाटतं. त्यांना हे आवडलं नव्हतं, पण त्यांनी ती पत्रं जपून ठेवली.

मात्र हीच गोष्ट पुण्यात आल्यावर इतकी सरळ राहिली नाही. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. विधवा आणि मुलींसाठी शाळा आणि घर. धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमाबरोबर प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसह सल्लागार बाजूला झाले.

आमच्या घरात ही गोष्ट लहानपणापासून एकाच बाजूने सांगितली गेली. दार उघडं ठेवणं हा काही गुन्हा नाही. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करायला दाराला कडी लावायची का? रमाबाईंचं हे म्हणणं मला आजही पटतं. पण फूडबँकेत उभं राहायला लागल्यापासून मला दुसऱ्या बाजूचीही काळजी कळते. बारा-चौदा वर्षांची विधवा मुलगी, सासर-माहेर दोन्ही बंद. जिच्या घरात राहते, जिच्या हातचं खाते, तिच्याच उघड्या दारातून ती आत जाऊन बसते. तिची ती इच्छा कितपत तिची स्वतःची? हे ठरवणं सोपं नाही. 'केसरी'च्या भाषेशी मी सहमत होऊ शकत नाही. पण ज्यांनी मुली काढून नेल्या ते सगळे दुष्ट होते असंही मला आता म्हणवत नाही. आणि त्याच वेळी हेही विसरता येत नाही की सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई, ज्या १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच घरात राहिल्या, शिकल्या आणि आपल्या धर्मात राहून बाहेर पडल्या. म्हणजे त्या उघड्या दारातून आत न जाण्याची मोकळीक तिथे होती.

ही मोकळीक असणं, माझ्या मते, साक्ष आणि आमिष यांच्यातला फरक आहे. समोरच्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि 'नाही' म्हटल्यावर त्याच्या पिशवीतला एक डबाही कमी होता कामा नये. आमच्या फूडबँकेचा नियमही असाच आहे. आपणहून धर्माचा विषय काढायचा नाही, कुणी प्रार्थना करा म्हटलं तरच करायची. आमच्यातल्या काही स्वयंसेवकांना हा नियम मिळमिळीत वाटतो. परवाच एक मराठी ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, "मग आपल्यात आणि सोशल सर्व्हिसमध्ये फरक काय? पिशवीत निदान एक पत्रिका तरी घाला." माझा याला ठाम विरोध आहे. भुकेल्या माणसाच्या पिशवीत पत्रिका घातली की त्या माणसाला ती घ्यावीच लागते. जी गोष्ट नाकारता येत नाही, ती स्वीकारली असंही म्हणता येत नाही.

इंग्लंडमध्येच याची चांगली उदाहरणं आहेत. चॅड व्हारा या पाद्र्याने १९५३ साली लंडनच्या आपल्या चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला, तीच समॅरिटन्स ही संस्था. फोनवर धर्म सांगायचा नाही, हा तिथला दंडक. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. मरणाऱ्या माणसाच्या वेदना कमी करण्याचं आजचं शास्त्र पुष्कळसं तिथून आलं. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि ते कधी लपवलं नाही, पण खाटेवरचा माणूस कुठल्या धर्माचा आहे किंवा मानतच नाही, याने त्याच्या औषधात फरक पडला नाही.

'लपवलं नाही' हे मी मुद्दाम लिहिलं. कारण माझी चूक तिथे होती. आमिष नको, या धास्तीने मी इतकी सावध झाले की विचारल्यावरही सांगितलं नाही. ज्याने विचारलं तो लहान मूल नव्हता. इंजिनिअर होता, त्याला पिशवी मिळून गेली होती, तो केव्हाही दाराबाहेर पडू शकत होता. त्याला खरं जाणून घ्यायचं होतं. मी त्याला म्हणू शकले असते, "माझा येशूवर विश्वास आहे, आणि त्याने भुकेल्याला जेवायला द्यायला सांगितलंय, म्हणून येते." दहा सेकंदांचं वाक्य. त्याने 'बरं' म्हटलं असतं आणि गेला असता. मी ते गिळलं ते काही नियमामुळे नाही. तो घरी फोन करून म्हणेल, 'इथे एक बाटलेली मराठी बाई भेटली', या भीतीने. चौथ्या पिढीतही ती भीती शिल्लक आहे, हे मला माहीत नव्हतं.

या सदराचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत, याची मला कल्पना आहे. तुमच्यापैकी कुणी ऑफिसात एकादशीचा उपास 'डाएट' म्हणून सांगितलाय, कुणी रमझानच्या रोज्यात 'पोट ठीक नाही' म्हटलंय, कुणी बाबासाहेबांच्या फोटोविषयी पाहुण्यांनी विचारलं तर विषय बदललाय. कारणं वेगवेगळी असतील. मी कुणाला दोष देत नाही, मी तेच केलं.

त्या रात्री आईला फोन केला. नगरला पहाट होत आली होती, ती प्रार्थनेला उठलेलीच असते. सगळं सांगितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार, की अगं तुला प्रभूचं नाव घ्यायला काय झालं होतं? ती थोडा वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "पिशवीत काय काय दिलंस?"

मी यादी सांगितली. पास्ता, टोमॅटोचे डबे, छोल्यांचे डबे, दूध, चहा, बिस्किटं. आणि कुणीतरी दान दिलेली तूरडाळ होती, ती मी आपला मुलगा म्हणून मुद्दाम दोन पाकिटं जास्त घातली.

"कुकर आहे का त्याच्याकडे?"

"विचारलं नाही."

"अगं, मग ती डाळ शिजवणार कशात तो?"